चांदणी लांबट का आली?

डिसेंबरची अमावास्या होती. शहापूर तालुक्यात डोळखांबच्या बाजूला ओळखीच्या एका शेतकरी काकांच्या शेतात मी दुर्बीण मांडली होती. भात कापून झाला होता, खाचर मोकळं होतं, आकाश स्वच्छ होतं. १५० मिलिमीटर व्यासाची आरशाची दुर्बीण, ७५० मिलिमीटर नाभीय अंतर, मागे डीएसएलआर कॅमेरा. मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाचे एकेक मिनिटाचे दीडशे फोटो घ्यायचे आणि नंतर ते एकावर एक रचायचे, असा बेत होता.

पहिला फोटो पडद्यावर मोठा करून पाहिला. एकही चांदणी गोल नव्हती. साऱ्या तांदळाच्या दाण्यासारख्या लांबट, एकाच दिशेला कललेल्या.

त्या रात्री मी जे केलं ते कुणीही करू नये, म्हणून हे लिहितो आहे. आरसा हलला असणार असं मी ठरवूनच टाकलं. डोक्याला टॉर्च बांधून आरशामागचे तिन्ही स्क्रू फिरवले. फरक पडला नाही, म्हणून आरसा धरून ठेवणाऱ्या तीन पकडी घट्ट आवळल्या. मग दुर्बीण ताऱ्यांच्या मागे फिरवणाऱ्या माउंटचा समतोल बदलला आणि ध्रुवताऱ्यावर पुन्हा नेम धरला. पहाटे तीन वाजता चांदण्या लांबट तर होत्याच, शिवाय आता तिकोनी दिसत होत्या. पाच तासांत मी चार गोष्टी बदलल्या होत्या आणि कशाने काय झालं हे मला सांगता येत नव्हतं.

आपल्याकडे पावसाळ्याचे चार महिने आकाश झाकलेलंच असतं. उरलेल्या काळात कामाला येणाऱ्या अमावास्या सात-आठ. त्यांतल्या दोन माझ्या या घाईने गेल्या.

खाचर आणि खळं

उलगडा झाला तो मुरबाड तालुक्यात, टोकावड्याच्या पुढे. तिथे दुर्बीण मांडायला सिमेंटचं खळं मिळालं. या वेळी मी एकाही स्क्रूला हात लावायचा नाही असं ठरवलं होतं. फक्त फोटो काढायचे आणि पाहायचे.

दोन गोष्टी लक्षात आल्या. शहापूरच्या फोटोंत दाण्यांची लांबी आणि दिशा दर फोटोत वेगळी होती. खळ्यावरच्या फोटोंत दाणे होते, पण दर वेळी तेवढेच लांब आणि त्याच दिशेला. मग मी फक्त दोन सेकंदांचा फोटो घेतला. दाणे नाहीसे झाले, तिकोन मात्र तसाच राहिला.

म्हणजे दोष एक नव्हता, तीन होते. वेळ कमी केल्यावर जो गेला तो माउंटचा. वेळ कमी करूनही जो राहिला तो आरशाचा. आणि जो फक्त खाचरात होता तो जमिनीचा.

जमिनीचा दोष डोळ्यांना दिसत नाही, म्हणून त्याचं गणित सांगतो. एका अंशाचे ३,६०० भाग केले की एक भाग म्हणजे एक विकला. माझ्या कॅमेऱ्याचा एक पिक्सेल सुमारे १.२ विकला आकाश टिपतो. ट्रायपॉडच्या पायांत साधारण ७० सेंटिमीटर अंतर धरलं आणि एक पाय फक्त ०.१ मिलिमीटर, म्हणजे कागदाच्या जाडीइतका, खचला, तर दुर्बिणीचा नेम सुमारे ३० विकलांनी सरकतो. पंचवीस पिक्सेल! कापणीनंतरही खाचराची माती आतून ओली असते, आणि माझं पंचवीस किलोंचं ओझं तिच्यावर रात्रभर हळूहळू बसत होतं. बुडबुड्याची पातळी मी संध्याकाळी एकदा पाहिली होती. पहाटे पाहिली असती, तर त्याच दिवशी कळलं असतं.

ध्रुव अढळ, पण माउंटसाठी नाही

खळ्यावर जे दाणे उरले ते माझ्या समजुतीतून आले होते. ध्रुवतारा अढळ, हे आपण लहानपणापासून ऐकतो. मी तो ध्रुवदर्शीच्या, म्हणजे माउंटच्या अक्षातल्या छोट्या दुर्बिणीच्या, बरोबर मध्यावर आणून ठेवत होतो. प्रत्यक्षात ध्रुवतारा खऱ्या ध्रुवबिंदूपासून सुमारे ३८ कला (आर्कमिनिट) दूर आहे, पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीहूनही जास्त. तेवढी चूक माउंटच्या अक्षात राहिली, तर तारा मिनिटाला १० विकलांपर्यंत सरकू शकतो. माझ्या कॅमेऱ्यात ते आठ पिक्सेल होतात. तांदळाचा दाणा तिथून आला.

शिवाय आपल्या भागात ध्रुव फार खाली असतो. शहापूर-मुरबाड १९ अंशांच्या वर आहे, म्हणून ध्रुवही क्षितिजापासून साधारण तेवढाच वर. हात लांब करून पंजा फाकवला तर जेमतेम एक वीत. उत्तरेला आंब्याचं झाड असलं किंवा थंडीत धुरकं साचलं की तो दिसतच नाही. अक्ष इतका खाली झुकवल्यावर काही माउंटमध्ये काउंटरवेटचा दांडा ट्रायपॉडच्या पायाला घासतो, आणि मधूनच बसणाऱ्या झटक्याने चांदणीला शेपूट फुटतं. फोटो सुरू करण्याआधी दांडा हाताने पूर्ण फिरवून पाहावा.

ध्रुव दिसत नसेल, तर मृगाची मदत घ्यावी. मृगाच्या पोटात घुसलेल्या बाणाच्या तीन ताऱ्यांपैकी पश्चिमेकडचा तारा जवळजवळ बरोबर खगोलीय विषुववृत्तावर आहे. डिसेंबरात संध्याकाळी साडेसात-आठला तो पूर्वेला असतो, तेव्हा माउंट चालू ठेवून त्याच्याकडे पाच मिनिटं पाहत राहावं. तो दक्षिणेकडे सरकला तर अक्ष खाली आहे, उत्तरेकडे सरकला तर वर आहे. मध्यरात्रीच्या सुमारास तोच तारा मध्यमंडलावर, म्हणजे डोक्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेवर, येतो. तेव्हा तो दक्षिणेकडे सरकला तर अक्ष पूर्वेकडे वळलेला आहे, उत्तरेकडे सरकला तर पश्चिमेकडे. पडद्यावर दक्षिण कोणती हे कळत नसेल, तर नळी अगदी हलक्या हाताने उत्तरेकडे दाबावी. तारा ज्या बाजूला जाईल ती दक्षिण. या रीतीला तासभर लागतो, पण पुढची सगळी रात्र वाचते.

आकार काय सांगतो

आता फोटो बिघडला की मी आधी काहीच फिरवत नाही. कागद घेतो आणि मध्यभाग व चारही कोपऱ्यांतल्या चांदण्यांचे आकार काढतो. त्यातून बहुतेक वेळा कारण सापडतं.

सगळीकडे एकाच दिशेला लांबट असेल, तर दोन सेकंदांचा फोटो घ्यावा. गोल आली तर दोष मागोवा घेण्यात आहे: अक्ष, वारा, समतोल, जमीन किंवा सैल केबल. काही फोटो चांगले, काही पूर्व-पश्चिम ताणलेले, आणि हे ठरावीक वेळाने परत येत असेल, तर माउंटच्या गिअरकडे पाहावं. माझ्या माउंटच्या मुख्य चाकाला १३५ दात आहेत, म्हणून त्याची चूक ६३८ सेकंदांनी परत येते. यावर उपाय गाइडिंगचा (एका ताऱ्यावर सतत नजर ठेवून माउंटची चूक सुधारत राहण्याचा) किंवा एक्स्पोजर कमी करण्याचा.

चांदणी तिकोनी असेल, तर आरसा आवळला गेला आहे. पकडी आरशाला सांभाळण्यासाठी असतात, दाबण्यासाठी नाहीत. पकडीखालून कागदाचा तुकडा सरकला पाहिजे.

मध्यभाग गोल आणि चारही कोपऱ्यांत धूमकेतूसारखी शेपटं बाहेरच्या बाजूला, हा आरशाच्या दुर्बिणीचा अंगभूत दोष, कोमा. त्याला कोमा करेक्टर लागतो, आणि करेक्टरपासून सेन्सरपर्यंतचं अंतर नेमकं हवं. पुष्कळ करेक्टरांना ते ५५ मिलिमीटर लागतं.

एकच कोपरा बिघडलेला असेल, तर कॅमेरा फोकसरमध्ये ९० अंश फिरवून पुन्हा फोटो घ्यावा. फोटोतला तोच कोपरा बिघडलेला राहिला तर सेन्सर तिरका आहे. बिघाड दुसऱ्या कोपऱ्यात गेला तर दोष फोकसरचा किंवा दुर्बिणीचा.

चांदणी सुरुवातीला नेटकी आणि मध्यरात्रीनंतर फुगत गेली, तर फोकस तपासण्याआधी दव पाहावं. भातसा धरणाच्या पाणलोटात आणि खाचरांच्या शेजारी ते भरपूर पडतं. नळीच्या तोंडाला पुठ्ठ्याची झाप आणि एक उबदार पट्टी असली की पुरतं.

तेजस्वी ताऱ्याला चार सरळ किरणं दिसत असतील, तर काहीच करू नये. ती दुय्यम आरसा धरणाऱ्या चार पात्यांमुळे येतात.

मोठ्यांच्या चुका

ताऱ्याच्या आकारावरून दोष ओळखण्याची ही रीत हौशी लोकांपुरती नाही. एप्रिल १९९० मध्ये हबल दुर्बीण अवकाशात गेली आणि तिचे तारे धूसर आले. शास्त्रज्ञांनी त्या धूसर ताऱ्यांचाच अभ्यास करून आरशाची कड २.२ मायक्रॉन जास्त सपाट घासली गेल्याचं शोधलं. आरसा तपासणाऱ्या उपकरणात एक भिंग १.३ मिलिमीटर चुकीच्या जागी बसलं होतं. दोष नेमका कळला म्हणूनच डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांना त्यावर बरोबर मापाचा उपाय बसवता आला. अंदाजाने स्क्रू फिरवायला तिथे कुणी जाऊ शकत नव्हतं.

आपल्याला जाता येतं, आणि तिथेच आपली फसगत होते. म्हणून नव्याने सुरुवात करणाऱ्यांना माझं सांगणं: एका वेळी एकच गोष्ट बदला. बदलाआधी आणि नंतर एकेक फोटो ठेवा. काय बदललं ते वहीत वेळेसह लिहा. आरशाच्या स्क्रूंना रात्री, थकलेल्या हातांनी, कधीही हात लावू नका. ते काम दिवसाचं, घरातलं. पहिली दुर्बीण विकत घेण्याआधी वांगणीला होणाऱ्या खगोल मंडळाच्या रात्रभराच्या आकाशदर्शनासारख्या एखाद्या कार्यक्रमाला जा आणि अनुभवी माणूस पहिला अर्धा तास काय करतो ते शांतपणे पाहा.

पुढच्या अमावास्येला मी परत डोळखांबच्या खाचरात गेलो. काकांना खचणाऱ्या पायांची गोष्ट सांगितली. ते म्हणाले, “दादा, मांडवाचा खांब आम्ही नुसत्या मातीत ठेवत नाही. खाली चपटा दगड देतो.” आणि बांधावरून तीन दगड आणून त्यांनी ते मातीत ठोकून बसवले. त्या रात्रीच्या दीडशे फोटोंपैकी वाऱ्याने बिघडलेले नऊच टाकावे लागले.

ते तीन दगड आता माझ्या गाडीत असतात. दुर्बिणीच्या आधी ते खाली उतरतात.