दुष्काळाचा हिशेब आणि रिझर्व्ह बँक

मध्यवर्ती बँकेची कार्ये शिकताना चलननिर्मिती, पतनियंत्रण, बँकांची बँक अशी यादी आम्ही पाठ केली. त्या यादीत पाऊस कोठेच नव्हता. परंतु आम्हा रेणापूरकरांना पाऊस आणि बँक यांचे नाते पुस्तकाआधीच कळते. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्याआधीचा खरीप हातचा गेला होता. वडिलांचे पीककर्ज थकले. गल्लीत ज्यांनी ज्यांनी कर्ज काढले होते, त्या सर्वांचेच थकले.

'सर्वांचेच' या शब्दात प्रश्नाचे मर्म आहे. एखाद्याचा बैल दगावला तर एकच कर्ज थकते. इतरांच्या परतफेडीवर बँक सावरते. पाऊस दडी मारतो तेव्हा मात्र सोयाबीन, तूर, मजुरी, आडत, दुकानदारी सारेच एकदम बसते.

रिझर्व्ह बँकेला ही गोष्ट नवी नाही. अवर्षणात सहकारी बँकांना अल्पमुदतीच्या कर्जाचे मध्यम मुदतीत रूपांतर करता यावे, म्हणून १९५६ साली तिने राष्ट्रीय कृषी पत स्थिरीकरण निधी उभारला. १९८२ मध्ये नाबार्डची स्थापना झाल्यावर हे काम तिकडे गेले. कर्जाच्या पुनर्गठनासाठी लागणारी पीकहानीची मर्यादा २०१५ मध्ये ५० टक्क्यांवरून ३३ टक्क्यांवर आली. परंतु हे सारे उपाय नुकसान झाल्यानंतरचे. दुष्काळ हा अपवाद, हे त्यांमागील गृहीत. हवामानच बदलू लागले तर ते टिकत नाही.

म्हणून आता आधी हिशेब मांडण्याचा विचार सुरू झाला आहे. जुलै २०२२ च्या चर्चापत्रात रिझर्व्ह बँकेने दोन प्रकारच्या जोखमी सांगितल्या. अवर्षण, पूर यांनी होणारे प्रत्यक्ष नुकसान ही पहिली. कोळशासारखी इंधने मागे पडताना त्यांवर चालणाऱ्या उद्योगांची कर्जे अडचणीत येणे ही दुसरी. ऑक्टोबर २०२४ मध्ये बँकांसाठी हवामान-जोखमीचा माहितीसाठा उभारण्याची घोषणा झाली. अशी माहिती हाती असेल तर 'सलग तीन वर्षे पाऊस हुकला तर आपली किती कर्जे थकतील?' हे बँकेला आधीच तपासता येईल.

येथेच मला एक भीती वाटते. उद्या आमचा तालुका जोखमीचा ठरला तर बँक हात आखडता घेईल. शेतीला १८ टक्के कर्ज देण्याचे बंधन बँकांवर आहे खरे. पण ते बागायती भागात कर्जे वाटूनही पुरे करता येते. मग बँकेचा ताळेबंद सुरक्षित राहील आणि शेतकरी मात्र पुन्हा सावकाराच्या दारी जाईल. हे टाळायचे तर जोखीम मोजण्याबरोबरच ती कमी करणाऱ्या शेततळे, ठिबक, विहीर पुनर्भरण अशा कामांना सवलतीचे कर्ज मिळाले पाहिजे. दुष्काळाचा हिशेब गावाला टाळण्यासाठी नव्हे, तर सावरण्यासाठी व्हावा, एवढीच माझ्यासारख्या विद्यार्थ्याची अपेक्षा आहे.