पक्षाघातानंतर राजीनामा द्यावा का?

प्रश्न : मी नगरपरिषदेत लिपिक आहे, वय ४६. आठ महिन्यांपूर्वी पक्षाघात झाला. चालतो-बोलतो, पण उजव्या हाताने लिहिता येत नाही. सहा महिन्यांनंतर हात सुधारत नाही म्हणतात. राजीनामा देऊ का?
– एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : घाईने राजीनामा देऊ नका. सुधारणेचा वेग पहिल्या सहा महिन्यांत जास्त असतो, पण ती तिथे थांबत नाही. सरावाने पुढेही फरक पडतो; शर्टाची बटणे, पाण्याचा तांब्या यांसाठी उजवा हातच वापरत राहा.

दिव्यांग हक्क कायदा, २०१६ नुसार सेवेत असताना अपंगत्व आले म्हणून शासकीय वा स्थानिक संस्थेला कर्मचाऱ्याला काढता येत नाही. पद झेपत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे काम द्यावे लागते. जिल्हा रुग्णालयातून यूडीआयडी कार्ड (दिव्यांग ओळखपत्र) काढा आणि दुसऱ्या कामासाठी कार्यालयात लेखी अर्ज करा. माऊस डावीकडे घेऊन डाव्या हाताने टायपिंग शिकता येईल. दुपारी थकवा येतो, म्हणून किचकट कामे सकाळीच उरका.

रक्तदाबाच्या गोळ्या मनाने बंद करू नका. डॉक्टरांच्या परवानगीशिवाय दुचाकी नको. सतत उदास वाटत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. त्यावर उपचार आहेत. तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला, बोलणे अडखळले, तर लगेच १०८ ला फोन करा.