संगणकाला वेगळे साउंड कार्ड घ्यावे काय?

दुकानात किंवा कारखान्यात संगणक बसवताना पुष्कळ बांधवांना विक्रेता विचारतो, “साउंड कार्ड टाकून देऊ?” कापडाच्या धंद्यातला माणूस अशा वेळी मान हलवतो आणि पैसे मोजतो. आम्हीही मोजण्याच्या बेतात होतो.

संगणकातील आकडे विजेच्या लहरींत बदलून स्पीकरला द्यायचे आणि माइककडून आलेल्या लहरी पुन्हा आकड्यांत बदलायच्या, एवढेच या कार्डाचे काम. एके काळी ते खरोखरच वेगळे घ्यावे लागे. सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीचे साउंड ब्लास्टर १९८९ साली आले, तेव्हा साध्या पीसीतून ‘बीप’पलीकडे फारसे काही निघत नसे. पुढे इंटेलने १९९७ साली एसी-९७ आणि २००४ साली एचडी ऑडिओ हे मानक आणले आणि हे काम मदरबोर्डवरच्या लहानशा चिपकडे गेले. सीडीवरील आवाज सेकंदाला ४४,१०० नमुन्यांचा आणि १६ बिटचा असतो. आजची साधी चिपही एवढे सहज पेलते. बिले करणे, परगावच्या व्यापाऱ्याशी व्हिडिओ कॉलवर बोलणे, त्याला डिझाइन दाखवणे, यासाठी वेगळे कार्ड म्हणजे फिजूलखर्ची.

आमच्या गाळ्यावर हेडफोनमध्ये सतत चरचर येई. ऑर्डर घेताना ‘साठ’ की ‘आठ’ हेच कळेना आणि एकदा त्यापायी चुकीचा माल बांधला गेला. दुरुस्तीवाल्याने नवे कार्ड सुचवले. पण तागा खराब की रंग खराब, हे पाहिल्याशिवाय आपण माल परत करीत नाही. आम्ही हेडफोनची पिन पुढच्या भोकातून काढून मागे, मदरबोर्डच्या भोकात घातली. चरचर थांबली! पुढच्या भोकाची तार डब्यातून पंखा आणि इतर पुर्जांजवळून जाते आणि त्यांचा गोंगाट उचलते. स्पीकरची घूंऽऽ मात्र राहिली. संगणक आणि स्पीकर निरनिराळ्या सॉकेटवर होते. दोन्ही एकाच बोर्डावर आणल्यावर तीही गेली. (घूं घालवण्यासाठी प्लगची अर्थिंगची पिन कोणी तोडू नये. त्यात जिवाला धोका आहे.)

आणखी एक गोष्ट विक्रेते सांगत नाहीत. यूएसबी किंवा ब्लूटूथ हेडफोनमध्ये आवाज बदलणारी चिप आतच असते आणि एचडीएमआयने जोडलेला टीव्हीही ते काम स्वतः करतो. यांपैकी काही वापरत असाल तर कार्डातून आवाज जातच नाही.

मग कार्ड कोणाला लागते? ध्वनिमुद्रण करणाऱ्यांना, लग्नाच्या व्हिडिओवर निवेदन चढवणाऱ्यांना. कंडेन्सर माइकला ४८ व्होल्टचा पुरवठा लागतो आणि तो मदरबोर्ड देत नाही. अडीचशे-तीनशे ओहमचे जड हेडफोनही साध्या चिपवर अनेकदा मंद वाजतात. अशांनीही आमच्या मते डब्यात बसणारे कार्ड न घेता बाहेरची यूएसबी पेटी, म्हणजे ऑडिओ इंटरफेस घ्यावा. ती आतल्या गोंगाटापासून दूर राहते आणि उद्या लॅपटॉपलाही चालते. मदरबोर्डची चिपच जळाली असेल तर यूएसबीचा लहान, स्वस्त अडॅप्टर पुरतो.

जुन्या बाजारात पीसीआयची कार्डे स्वस्तात दिसतात, पण बहुतेक नव्या बोर्डांवर ती खाच उरलेली नाही, पीसीआय-एक्सप्रेसची आहे. जुने कार्ड तीत बसत नाही. डबा उघडून पाहिल्यावरच पैसे द्यावेत.