गाव आणि पोलीस ठाणे : वनजिल्ह्यांतील गुन्हेप्रतिबंधाचा अनुभव

गुन्हा घडल्यानंतर त्याचा तपास करणे हे पोलिसांचे काम होय; परंतु गुन्हा घडूच नये यासाठी ज्याची प्रथम गरज असते तो माणूस गावातच राहत असतो. चंद्रपूर आणि गडचिरोली या वनजिल्ह्यांत ही गोष्ट विशेषत्वाने जाणवते. चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. त्याचे क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर असून त्याचा बहुतांश भाग वनांनी व्यापलेला आहे. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या मात्र केवळ १०,७२,९४२ होती. म्हणजे एका चौरस किलोमीटरमागे सुमारे ७४ माणसे. भामरागडसारखे तालुक्याचे ठिकाणही पर्लकोटेला पूर आला की वर्षानुवर्षे जगापासून तुटत आले. अशा मुलखात ठाण्यातून निघालेली गाडी वेळेवर पोहोचेल या भरवशावर गावाची सुरक्षितता सोपवता येत नाही.

पोलीस पाटील : एकट्यावरचा भार

गाव आणि ठाणे यांना जोडणारा सर्वांत जुना दुवा म्हणजे पोलीस पाटील. महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियम, १९६७ अन्वये त्याची नेमणूक होते. गावातील गुन्ह्यांची व शांततेची स्थिती वरिष्ठांना कळविणे, गुन्ह्यास प्रतिबंध करणे आणि तपासात पोलिसांना साहाय्य करणे ही त्याची मुख्य कर्तव्ये. पूर्वीच्या वतनी पाटलाप्रमाणे हे पद वंशपरंपरागत नाही. मानधन मिळते ते तुटपुंजे, आणि राहावे लागते ते त्याच गावात, ज्यांच्याविषयी माहिती द्यायची त्यांच्याच शेजारी.

१९८० च्या सुमारास प्राणहिता ओलांडून नक्षलवादी चळवळ या भागात शिरली, तेव्हा हाच दुवा सर्वांत धोक्याचा ठरला. पोलिसांचा खबऱ्या असल्याच्या संशयावरून पोलीस पाटलांच्या आणि साध्या गावकऱ्यांच्या हत्या झाल्या. अनेक पाटलांनी राजीनामे दिले. दुसऱ्या बाजूने, रात्री नक्षलवाद्यांना जेवण घालावे लागले म्हणून सकाळी पोलिसांच्या प्रश्नांना उत्तरे देण्याची पाळीही गावकऱ्यांवर येत असे. ‘लोकांचे सहकार्य’ हा शब्द कागदावर जितका सोपा, तितका तो या गावांत कधीच सोपा नव्हता. ऑक्टोबर २०२५ मध्ये भूपती या ज्येष्ठ माओवादी नेत्याने अनेक सहकाऱ्यांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली आणि परिस्थितीला मोठे वळण मिळाले. तथापि त्या चार दशकांचा एक धडा विसरून चालणार नाही. माहिती देण्याची जबाबदारी एकाच माणसाच्या शिरावर राहिली की त्याला गप्प करणे सोपे जाते. तोच निर्णय सर्व गावाने उघड्यावर, ग्रामसभेत घेतला तर कोणा एकाकडे बोट दाखवता येत नाही.

महिलांचा पुढाकार

सामुदायिक निर्णयाचे बळ या जिल्ह्यांत प्रथम दिसले ते दारूच्या प्रश्नावर. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांची ‘सर्च’ ही संस्था, अन्य संघटना आणि गावोगावच्या स्त्रिया यांनी १९८८ पासून गडचिरोलीत चळवळ उभारली व १९९३ मध्ये जिल्ह्यात दारूबंदी लागू झाली. चंद्रपुरात ‘श्रमिक एल्गार’च्या पुढाकाराने डिसेंबर २०१० मध्ये हजारो स्त्रिया चिमूरहून नागपूरच्या विधानभवनाकडे पायी गेल्या. तेथे १ एप्रिल २०१५ पासून बंदी आली. पुढे २७ मे २०२१ रोजी मंत्रिमंडळाने ती उठविण्याचा निर्णय घेतला. बंदी असावी की नसावी हा वाद येथे सोडवावयाचा नाही. गुन्हेप्रतिबंधाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो गावपातळीवरचा अनुभव.

मोहाचा सडवा घरात क्वचितच ठेवला जातो. तो नाल्याकाठी, झुडपांत, कधी जमिनीत पुरलेल्या भांड्यांत असतो. ती जागा पोलिसांना महिनाभर शोधूनही सापडणार नाही. सरपणाला जाणाऱ्या बाईला मात्र ती ठाऊक असते. गडचिरोलीत २०१६ मध्ये सुरू झालेल्या ‘मुक्तिपथ’ या उपक्रमात गावसंघटनांच्या स्त्रिया असे साठे शोधून नष्ट करतात आणि गुन्हा नोंदविण्यासाठी पोलिसांना बोलावतात. त्याच वर्षी दारूबंदी अधिनियमात सुधारणा होऊन ग्रामरक्षक दलांनाही कायद्याचा आधार मिळाला. येथून पुढचे काम पोलिसांचे. पंचनामा, मुद्देमाल जप्ती व दोषारोपपत्र यांवाचून स्त्रियांची मेहनत वाया जाते. एवढेच नव्हे, निरोप धाडूनही कोणी आले नाही तर विक्रेत्याला त्या रात्री नेमके कळते की निरोप कोणी धाडला होता. अशा गावातून दुसऱ्यांदा निरोप येत नाही, हे ठाणे अंमलदाराने ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

तंटामुक्ती आणि तिची मर्यादा

१५ ऑगस्ट २००७ रोजी राज्यात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. बांधावरचे भांडण वेळीच मिटले तर त्याचे पर्यवसान डोके फुटण्यात होत नाही, हा तिचा साधा विचार. गावाने निवडलेल्या समितीने दिवाणी, महसुली, फौजदारी व इतर तंटे सामोपचाराने मिटवावेत आणि यशस्वी गावांना लोकसंख्येनुसार पुरस्कार मिळावा, अशी ही योजना. समितीच्या कामाशी पोलीस पाटील आणि पोलीस ठाणे जोडलेले असल्यामुळे शिपाई तक्रारीवाचूनही गावात येऊ लागला, हा या मोहिमेचा मोठा लाभ मानावा लागेल. पहिल्या काही वर्षांचा जोर पुढे ओसरला. पुरस्कार मिळाला की समितीची बैठक थांबली, असेही अनेक ठिकाणी घडले.

येथे एक भेद स्पष्ट असावयास हवा. फौजदारी गुन्ह्यांपैकी कायद्याने आपसांत मिटविण्याजोगे ठरविलेले गुन्हेच समितीपुढे आणता येतात. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५९ मध्ये नमूद आहेत. बलात्कार अगर खून ‘गावात मिटवणे’ हा तंटामुक्तीचा नव्हे, गुन्हा दडपण्याचा प्रकार होय.

गावच चुकते तेव्हा

गाव एकत्र आले म्हणजे भलेच होते, असेही नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील जिवती तालुक्यात वणी खुर्द येथे जादूटोण्याच्या संशयावरून सात जणांना भर चौकात बांधून मारण्यात आले. त्यांत वृद्ध स्त्रियाही होत्या. १ मे २०२४ रोजी एटापल्ली तालुक्यातील बारसेवाडा येथे तशाच संशयावरून एक स्त्री व एक पुरुष यांना मारहाण करून जाळण्यात आले. पोलिसांनी १५ जणांना अटक केली. जादूटोणाविरोधी कायदा राज्यात २०१३ पासून आहे. परंतु कायदा असूनही या घटना टळल्या नाहीत.

अशा घटना सहसा एकाएकी घडत नाहीत. आधी घरात आजार येतो, मूल दगावते, पुजाऱ्याकडे खेपा होतात, कुणाचे तरी नाव कुजबुजीत फिरू लागते. हे पोलीस पाटलाच्या, आशा कार्यकर्तीच्या, शिक्षकाच्या कानी येते. त्यांना ते ठाण्यात सांगावेसे वाटेल की नाही, हे त्या ठाण्याचा उंबरठा त्यांनी पूर्वी किती वेळा आणि कशासाठी ओलांडला यावर अवलंबून असते.

या दृष्टीने गडचिरोली पोलीस दलाने २०२१ मध्ये सुरू केलेली ‘पोलीस दादालोरा खिडकी’ लक्षणीय आहे. दुर्गम ठाण्यांत व पोलीस मदत केंद्रांत आदिवासींना दाखले आणि शासकीय योजनांचे लाभ मिळवून देण्याची ही व्यवस्था. जातीच्या दाखल्याचा अर्ज भरण्यासाठी ज्याने एकदा पोलिसाशेजारी बसून चहा घेतला, त्याला उद्या शेजारणीच्या जिवाला धोका असल्याचे सांगायला तितकी भीती वाटणार नाही. ‘खबऱ्या’ या शब्दाची चार दशकांची दहशत आदेशाने जाणार नाही. ती अशाच लहानसहान कामांतून झिजेल.

गावभेटीला जाणारा बीट अंमलदार आज भांडणे, दारू आणि परगावचे संशयित यांची चौकशी करतो. त्याबरोबर गावात कोण दीर्घकाळ आजारी आहे, कुठे मूल दगावले आणि त्याचा दोष कोणावर टाकला जात आहे, हेही त्याने विचारावे आणि संशय घेतल्या जाणाऱ्या घराकडे स्वतः जाऊन यावे. त्यासाठी नवा कायदा नको. भेटीच्या वहीत एक रकाना वाढवावा लागेल.