सिकंदराच्या साम्राज्याची वाटणी आणि अशोकाच्या शिलालेखातील यवन राजे

सम्राट अशोकाच्या तेराव्या शिलालेखात पाच परदेशी राजांची नावे येतात : अंतियोक, तुरमय, अंतिकिनी, मग आणि अलिकसुंदर. परीक्षेसाठी आमचे विद्यार्थी ही नावे पाठ करतात. परंतु हे राजे कोण होते आणि त्यांची राज्ये कशी निर्माण झाली, हा प्रश्न फारसा कोणी विचारीत नाही. त्याचे उत्तर एका मोठ्या साम्राज्याच्या वाटणीत आहे. प्रस्तुत लेखात आपण त्या वाटणीचा थोडक्यात अभ्यास करणार आहोत.

वारस नसलेले साम्राज्य

मॅसेडोनियाचा राजा अलेक्झांडर, म्हणजे आपला सिकंदर, इ. स. पूर्व ३२३ च्या जून महिन्यात बॅबिलोन येथे मरण पावला. त्या वेळी त्याच्या वयाला तेहतीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती. ग्रीसपासून सिंधू नदीपर्यंतचा प्रदेश त्याच्या ताब्यात होता. पण आपल्यामागे गादीवर कोणी बसावे याची कोणतीही व्यवस्था त्याने केलेली नव्हती. सावत्र भाऊ अऱ्हिडियस मानसिकदृष्ट्या दुर्बल होता. राणी रॉक्साना गरोदर होती.

राजाचा अंत्यविधी होण्यापूर्वीच सैन्यात फूट पडली. पायदळाने अऱ्हिडियसचे नाव पुढे केले. घोडदळाचे सरदार रॉक्सानाच्या बाळंतपणाची वाट पाहा म्हणू लागले. अखेर तडजोड झाली. अऱ्हिडियस राजा झाला, रॉक्सानाला मुलगा झाल्यावर तोही राजा ठरला, आणि पर्डिकस हा सेनापती दोघांच्या नावाने कारभार पाहू लागला. एक राजा दुर्बल, दुसरा तान्हा. अशा वेळी सत्ता कोणाच्या हाती जाते, हे सांगण्याची गरज नाही.

बॅबिलोनची वाटणी

पर्डिकसने सरदारांना प्रांत वाटून दिले. टॉलेमीला इजिप्त मिळाले, लायसिमॅकसला थ्रेस. एकाक्ष अँटिगोनसकडे आशिया मायनरमधील फ्रिजिया राहिला. मॅसेडोनिया व ग्रीस वृद्ध अँटिपेटरकडे राहिले. कागदोपत्री हे सर्व राजाचे सुभेदार होते. प्रत्यक्षात ज्याच्या हाती सैन्य आणि खजिना, तोच तेथील धनी झाला.

वाटणीवर कोणाचेच समाधान झाले नाही. सिकंदराचे शव मॅसेडोनियाकडे निघाले असता टॉलेमीने ते वाटेत ताब्यात घेऊन इजिप्तला नेले. ज्याच्याकडे राजाचा देह, तो राजाचा खरा वारस, असा त्यामागचा हिशेब होता. पर्डिकस सैन्य घेऊन इजिप्तवर चालून गेला. परंतु नाईल नदी ओलांडताना त्याची फार मोठी मनुष्यहानी झाली आणि त्याच्याच अधिकाऱ्यांनी त्याला ठार केले. त्यानंतर सीरियातील ट्रिपॅराडायसस येथे दुसरी वाटणी झाली. तीत सेल्युकसला बॅबिलोनचा प्रांत मिळाला.

इ. स. पूर्व ३१९ मध्ये अँटिपेटर वारला आणि उरलासुरला धाकही संपला. युमेनीस हा सेनापती राजघराण्याच्या बाजूने लढत राहिला. पण एका लढाईत त्याच्या शिपायांचे सामानसुमान व बायकामुले अँटिगोनसच्या हाती पडली. ती परत मिळावीत म्हणून शिपायांनी आपल्याच सेनापतीला शत्रूच्या स्वाधीन केले.

ज्यांच्या नावाने हे सारे चालले होते त्या राजघराण्याचे काय झाले? अऱ्हिडियसला सिकंदराच्या आईने, ऑलिम्पियसने, मारविले. ऑलिम्पियसला अँटिपेटरचा मुलगा कॅसँडर याने मारविले. पुढे इ. स. पूर्व ३१० च्या सुमारास रॉक्साना आणि तिचा किशोरवयीन मुलगा यांचीही कॅसँडरने हत्या करविली. इ. स. पूर्व ३०६ पासून अँटिगोनस, टॉलेमी, सेल्युकस, लायसिमॅकस आणि कॅसँडर हे एकामागून एक स्वतःला राजे म्हणवू लागले.

चंद्रगुप्ताचे पाचशे हत्ती

याच सुमारास सेल्युकस सिंधूच्या दिशेने आला. तेथे त्याची गाठ चंद्रगुप्त मौर्याशी पडली. इ. स. पूर्व ३०३ च्या सुमारास दोघांत तह झाला. सेल्युकसने काबूल व कंदाहारकडील प्रदेश सोडला, दोन्ही घराण्यांत विवाहसंबंध ठरला, आणि चंद्रगुप्ताने त्याला पाचशे हत्ती दिले. मेगॅस्थेनीस हा वकील पाटलिपुत्राला आला तो या संबंधांतूनच.

इ. स. पूर्व ३०१ मध्ये आशिया मायनरमध्ये इप्ससची लढाई झाली. सेल्युकसच्या हत्तींनी अँटिगोनसच्या मुलाच्या घोडदळाला परतीची वाट दिली नाही आणि सुमारे ऐंशी वर्षांचा अँटिगोनस रणांगणावर पडला. तरीही युद्धे थांबली नाहीत. इ. स. पूर्व २८१ मध्ये सेल्युकसने आपला जुना मित्र लायसिमॅकस याचा पराभव केला. त्या लढाईत लायसिमॅकस मारला गेला. त्याच वर्षी सेल्युकसने आश्रय दिलेल्या टॉलेमीच्याच एका मुलाने सेल्युकसचा खून केला. बेचाळीस वर्षांच्या रक्तपातानंतर तीन मोठी राज्ये उरली : इजिप्तमध्ये टॉलेमीचे घराणे, पश्चिम आशियात सेल्युकसचे, आणि काही वर्षांनी मॅसेडोनियात अँटिगोनसच्या नातवाचे.

नातवांची पिढी

आता तेराव्या शिलालेखाकडे परत येऊ. अंतियोक म्हणजे सेल्युकसचा नातू दुसरा अँटिओकस. तुरमय म्हणजे टॉलेमीचा मुलगा दुसरा टॉलेमी. अंतिकिनी म्हणजे एकाक्ष अँटिगोनसचा नातू अँटिगोनस गोनाटस. मग हा सायरीनचा राजा मॅगस, पहिल्या टॉलेमीचा सावत्र मुलगा. अलिकसुंदर हा एपिरसचा की कॉरिंथचा, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. हे राजे एकाच वेळी गादीवर असल्याचा काळ ग्रीक इतिहासावरून काढता येतो. म्हणूनच अशोकाचा काळ इ. स. पूर्व तिसऱ्या शतकाच्या मध्यावर निश्चित करता आला. या दृष्टीने ही पाच नावे भारतीय कालगणनेचा मोठा आधार आहेत.

अशोक हा चंद्रगुप्ताचा नातू. आजोबाने सेल्युकसला युद्धासाठी हत्ती दिले. नातवाने सेल्युकसच्या नातवाच्या राज्यात काय पाठविले? दुसऱ्या शिलालेखात त्याची नोंद आहे : माणसांसाठी आणि जनावरांसाठी औषधोपचार, औषधी वनस्पती, रस्त्यांवर विहिरी आणि झाडे. तेराव्या शिलालेखात अशोक कलिंगयुद्धाचा हिशेब देतो. एक लाख माणसे मारली गेली, दीड लाख माणसे धरून नेली गेली, याचे दुःख तो दगडावर कोरवितो. आपल्या मुलानातवांनी नवीन विजयाची इच्छा धरू नये, धम्माने मिळविलेला विजय हाच खरा विजय मानावा, असे तो सांगतो. सिकंदराच्या सेनापतींपैकी एकानेही आपल्या हातून मेलेल्यांची अशी नोंद ठेवली नाही.

तथापि एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. अशोकानंतर पन्नासेक वर्षांत मौर्य साम्राज्यही विस्कटले. शेवटचा मौर्य राजा बृहद्रथ याला त्याचाच सेनापती पुष्यमित्र याने ठार केले. केवळ एका थोर पुरुषाच्या आधारावर राज्य टिकत नाही, याला अशोकाचे राज्यही अपवाद ठरले नाही. मात्र त्याने कोरविलेले शब्द उरले आणि आपण ते आजही वाचतो आहोत.

साम्राज्यांचे राहू द्या. पाचपन्नास सभासदांच्या मंडळातसुद्धा संस्थापक गेल्यावर दप्तर एकाकडे, शिक्का दुसऱ्याकडे आणि पावतीपुस्तक तिसऱ्याकडे, अशी वाटणी आम्ही पाहिली आहे. प्रत्येक जण आपणच खरा वारस असे म्हणतो आणि संस्थापकाचा फोटो मात्र सर्वांच्याच भिंतीवर असतो. घटना, नियम आणि दरवर्षीचा चोख हिशेब या गोष्टी संस्थापक हयात असतानाच रुजवाव्या लागतात. बॅबिलोनमध्ये त्या रुजविल्या गेल्या नाहीत आणि त्याची किंमत एका लहान मुलाने आपल्या जिवाने दिली.

अभ्यासवर्गासाठी प्रश्न

१. बॅबिलोनची वाटणी टिकली नाही, याची दोन कारणे सांगा.
२. अशोकाचा काळ ठरविण्यास यवन राजांच्या नावांचा उपयोग कसा झाला?
३. आपल्या मंडळाचे नियम लेखी आहेत काय? ते एकदा वाचून पाहा.