एका संगणकात दोन प्रणाली

आपल्या नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावात २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातील पहिले आधार क्रमांक देण्यात आले. संगणकाच्या नोंदीत आपण आलो. आता संगणक आतून जाणणे हे पुढचे पाऊल होय. त्यासाठी नवे यंत्र घ्यावेच लागते असे नाही.

व्हर्च्युअलबॉक्स ही विनामूल्य आज्ञावली विंडोजच्या संगणकात एक आभासी संगणक उभा करते. त्यात सी-डॅकने विकसित केलेली, मराठीतही वापरता येणारी ‘बॉस’ लिनक्स प्रणाली चालविता येते. विंडोज ही यजमान, बॉस ही पाहुणी. यंत्रात ८ जीबी रॅम असल्यास पाहुणीला साधारण २ जीबी द्यावी. अर्ध्याहून अधिक दिल्यास यजमान प्रणालीच अडखळू लागते. पाहुणीची संपूर्ण डिस्क यजमानाच्या दृष्टीने केवळ एक फाइल असते. प्रयोगापूर्वी ‘स्नॅपशॉट’ घेऊन ठेवल्यास बिघाडानंतर पाहुणीला पूर्वस्थितीत आणता येते.

वसतिगृहातील संगणक अनेकांचा असतो; तो बिघडेल या भीतीने पुष्कळ मुले नुसती पाहत राहतात. पाहुण्या प्रणालीत मात्र चुकण्याची मुभा आहे, आणि करून पाहिल्यावाचून विद्या अंगी येत नाही. माजी विद्यार्थ्यांनी सुट्टीत येऊन एवढा एक धडा मुलांना अवश्य द्यावा.