‘व्हय ताई’ म्हणजे होकार नव्हे

पुणे–सोलापूर रेल्वेमार्गावर जेऊर आणि कुर्डुवाडीच्या मध्ये केम लागतं. करमाळा तालुक्यातलं हे गाव कुंकवासाठी ओळखलं जातं. कुंकवाच्या कामावरची बाई समोर बसली, की ती कुठं काम करते हे विचारावं लागत नाही. नखांच्या कडेला लाली उरलेलीच असते. अशाच एका बाईपुढं माझ्या हातून जे चुकलं, ते या कामात नव्यानं येणाऱ्यांसाठी लिहिते आहे.

मी व्यसनमुक्तीची समुपदेशक. ‘मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग’ या संवादपद्धतीचं तीन दिवसांचं प्रशिक्षण घेऊन नुकतीच परतले होते. तिथं आम्ही आळीपाळीनं रुग्ण व्हायचो. माझी जोडीदारीण पाच मिनिटांत दारू सोडायला तयार झाली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मला जमलं असं मी धरून चालले.

आठवड्याभरात ती आली. चाळिशीची, गालाच्या आत पांढरा चट्टा. मशेरीचं विचारलं तर म्हणाली, “पहाटं लावल्याबिगर डोकं धरतं बघा. पर आता नात बी डब्यात बोट घालाया लागलीया.”

मी लगेच कॅन्सरची चित्रं काढली. चट्टा किती वाईट ते सांगितलं. “आजच डबा फेकून द्या,” म्हटलं. ती प्रत्येक वाक्याला “व्हय ताई” म्हणत राहिली. जाताना पदरानं तोंड पुसलं आणि गेली. दिलेल्या तारखेला ती आली नाही, नंतरही कधी आली नाही. तो चट्टा पुढं कुणी तपासला की नाही, हे मला आजही ठाऊक नाही.

माझ्या वरिष्ठ ताईंनी ते बोलणं आठवून कागदावर उतरवायला लावलं. तेव्हा नातीचं वाक्य माझ्या डोळ्यांपुढं आलं. मशेरी का सोडायची, याचं कारण तिनं स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं आणि मी ते ऐकलंच नव्हतं.

विल्यम मिलर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं 1983 मध्ये ही पद्धत पहिल्यांदा मांडली, तीही दारूच्या व्यसनावर काम करताना. 1991 मध्ये स्टीफन रोलनिकसोबत त्यांचं पुस्तक आलं. गाभा एवढाच, की व्यसनी माणसाला दोन मनं असतात. आपण ‘सोड’ म्हणून जोर लावला, की तो न सोडण्याची बाजू धरतो. गावाकडची बाई तर वादही घालत नाही, ‘व्हय’ म्हणून उठून जाते. तिचं कारण तिच्याच तोंडून यावं आणि आपण ते अलगद तिच्यापुढं ठेवावं. मी एवढंच म्हणायला हवं होतं : “नात डब्यात बोट घालती, ते बघून जीव धास्तावतो तुमचा.” आणि मग गप्प बसायला हवं होतं.

ही सवय सरावानंच लागते. पण सराव कसा करायचा?

सोंग घेऊन करू नका. जोडीदारानं स्वतःची खरी, झेपेल एवढी अडचण आणावी : रात्री उशिरापर्यंत मोबाईल बघणं, गोळ्या वेळेवर न घेणं. खरी ओढाताण असली, की माणूस पाच मिनिटांत तयार होत नाही.

ऐकलेलं परत सांगताना त्याचा प्रश्न करू नका. ‘भीती वाटते का?’ म्हटलं की समोरचा उत्तर देऊन मोकळा होतो. ‘भीती वाटते’ असं आवाज खाली आणून म्हटलं, की तो पुढं बोलतो. आणि हे आपल्या बोलीत करा. पुस्तकी मराठीत सराव केला, तर केममध्ये जीभ अडखळते.

समोरच्याची परवानगी घेऊन बोलणं रेकॉर्ड करा आणि मोजा. एका प्रश्नामागं ऐकलेलं परत सांगणारी निदान एक, शक्यतो दोन वाक्यं असावीत, असा या पद्धतीतला मापदंड आहे. माझ्या पहिल्या रेकॉर्डिंगमध्ये 17 प्रश्न होते, आणि असं वाक्य एकच.

कार्यशाळेवर थांबू नका. मिलर आणि सहकाऱ्यांनी 2004 मध्ये 140 व्यावसायिकांवर केलेला अभ्यास छापला. नुसत्या कार्यशाळेनं आलेलं कौशल्य ओसरत गेलं. ज्यांना नंतर मार्गदर्शन आणि अभिप्राय मिळाला, त्यांचं जास्त टिकलं. आपल्या शेजारी गोव्यात ‘संगाथ’ संस्थेनं मानसोपचाराची पदवी नसलेल्या स्थानिक लोकांना या पद्धतीवर आधारलेलं समुपदेशन शिकवलं. ते एकमेकांच्या सत्रांची रेकॉर्डिंगं ऐकून गुण देत. 2017 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निकाल आला : तीन महिन्यांनी धोकादायक पिण्यातून बाहेर आलेले पुरुष त्यांच्याकडं 36 टक्के, तर नेहमीच्या उपचारांत 26 टक्के होते.

याचा अर्थ धोका लपवायचा असा नाही. चट्टा तपासून घेणं गरजेचंच असतं. फक्त आधी विचारा, “चट्ट्याबद्दल थोडं सांगू का?” सांगून झालं की विचारा, “तुमाला काय वाटतं?” आणि लागोपाठ दोनदा ‘व्हय ताई’ कानावर आलं, की तिथंच थांबा.

आता आम्ही महिन्यातून एकदा सरावाला बसतो. नव्या मुलींपुढं मी त्या बाईच्या जागी बसते आणि डोकेदुखीचं सांगता सांगता नातीचं वाक्य सहज बोलून जाते. बहुतेक वेळा ते निसटतं. मग आम्ही तिथंच थांबतो आणि पहिल्यापासून सुरू करतो.